उजव्या पानावर चित्र

माझ्या वहीत डाव्या पानावर मजकूर असतो आणि उजव्या पानावर चित्र. यामागे काही विचार नाही, उजवं पान हाताला सोयीचं पडतं एवढंच. पण वह्या भरत गेल्या तसं लक्षात आलं, की या दोन पानांचं आपसात पटत नाही. डावं पान कुरकुरं आहे. एसटी उशिरा आली, लॉजवरचं गरम पाणी सकाळी सहालाच संपलं, चहात साखर नुसती ओतली होती. उजव्या पानाला यातलं काही ठाऊकच नसतं. त्या दिवशी तिथे आहे ते स्टँडवरच्या बाकाखाली अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं कुत्रं आणि शेजारी कुणाचं तरी बोचकं.

चित्रात कुरकुर करायची सोयच नाही. स्वयंपाकघरातला गळका नळ काढायला बसले, तर पाच मिनिटांत प्लंबरवरचा राग विसरून तोटी नेमकी कुठे वळते याचीच चिंता लागली. नळ अर्थात गळतच राहिला.

चित्रकला म्हटलं की आमच्या पिढीला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवतात. स्थिरचित्रात तांब्या, एखादं वांगं आणि मागे मुद्दाम चुण्या पाडून टांगलेलं कापड. स्मरणचित्रात आठवडी बाजार, आणि त्या बाजारातली निम्मी माणसं पाठमोरी, कारण चेहरे कुणालाच जमत नसत. परीक्षा संपली, ग्रेड लागली की रंगपेटी माळ्यावर. ज्यांना ‘सी’ मिळाली त्यांनी तर पुढे जन्मभर ‘मला चित्रकला येत नाही’ असं सांगितलं. वहीला ग्रेड नसते, म्हणून तिथे पाठमोरी माणसंही चालतात.

वहीचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. आपल्याकडे बाईमाणसाने घाटावर तासभर नुसतं बसून राहावं, तर चार जण येऊन विचारतात, “कुणाची वाट बघताय का?” मांडीवर वही असली की त्याच बसण्याला प्रतिष्ठा येते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. चिमाजी अप्पांनी 1739मध्ये वसई जिंकली, तेव्हा आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. मी ती घंटा काढत होते. पाठीमागे पोरं जमली. एकाने बजावलं, “काकू, पायऱ्या कमी झाल्या.” दुसरा म्हणाला, “असू दे रे, पाण्याखाली असतील.” या दोन वाक्यांसाठी डावं पान हवंच. धुणं आपटल्याचा आवाज, ओल्या दगडाचा वास, पोरांची समीक्षा हे सगळं तिकडे जातं.

अशा वेळी मला गंगाराम तांबट आठवतात. सवाई माधवरावांच्या काळातले पुण्याचे चित्रकार. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे उजवी पानं सांभाळली गेली. मला हाव आहे ती डाव्या पानाची. गेंडा कितीदा हलला, वास केवढा मारत होता, आणि साहेबाने पैसे वेळेवर दिले का?

सामानाचं कौतुक मी फारसं करत नाही. एक पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन, छोटी रंगपेटी आणि पोटात पाणी भरता येतं तो ब्रश. कागदावर मात्र पैसे खर्चावेत. 300 जीएसएमचा जाड कागद पाणी पितो आणि सरळ राहतो, पातळ कागद पहिल्याच हाताला पापडासारखा फुगतो. बाकी हवेच्या हातात. कोकणात श्रावणात रंग वाळतच नाही, वही मिटली की समोरच्या मजकुरावर नारळाचं झाड उमटतं. लडाखमध्ये उलट, आकाशाचा निळा पसरवेपर्यंत वाळून त्याची कड तयार. तिथली माझी सगळी आकाशं पट्ट्यापट्ट्यांची आहेत.

प्रवास नसेल तेव्हा घर असतंच. बँकेतली रांग, कुकरची शिट्टी, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपलेले बाबा. त्यांना ते चित्र पसंत नाही, पोट जास्त काढलंय म्हणतात.

आई परवा मेणवलीची वही घेऊन बसली. घंटेवरून, घाटावरून, मी दोन तास खपून काढलेल्या वाड्याच्या लाकडी खांबांवरून तिची नजर झरझर गेली आणि डाव्या पानाच्या तळाशी अडकली. तिथे मी दिवसभराचा खर्च टिपते.

“कणीस चाळीस रुपयांना?” ती म्हणाली. “आणि तू घेतलंस?”