जुन्या कम्बाइनमधली धान्याची वाट

जुने कम्बाइन हार्वेस्टर, म्हणजे कापणी-मळणीचे यंत्र, विकत घेण्यासाठी पाहायला जायचे ठरले, की मालकाला मी एक विनंती आदल्या दिवशीच करून ठेवतो: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. थंड इंजिन किती सहज सुरू होते, पहिला धूर किती वेळात विरतो आणि पुढे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून किती वाफारा येत राहतो, यावरून पिस्टनच्या रिंगांची आणि सिलिंडरची अवस्था बरीचशी कळते. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहून यातले फारसे काही कळत नाही.

तरीही माझा अधिक वेळ इंजिनापाशी जात नाही. धान्य ज्या वाटेने जाते ती वाट आतून किती झिजली आहे, यावर जुन्या यंत्राची खरी किंमत ठरते, असे माझे ठाम मत आहे. कारण हा खर्च एकदम समोर येत नाही, तो ऐन हंगामात एकेका भागाने निघत राहतो. अनेक यंत्रांवर इंजिनाचे आणि मळणीचे तास वेगवेगळे नोंदलेले असतात, आणि त्यांतले मळणीचे तास मी आधी विचारतो. त्याबरोबरच यंत्र कोणत्या पिकात चालले, हेही विचारतो. भाताच्या तुसात सिलिका असल्यामुळे भातात राबलेले यंत्र तेवढ्याच तासांच्या गव्हातल्या यंत्रापेक्षा जास्त झिजलेले असते.

मळणीच्या ड्रमची तपासणी घाईने करू नये. इंजिन बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून मी झाकणे उघडतो आणि ड्रम हाताने सावकाश फिरवतो. रास्प बारवरच्या, म्हणजे ड्रमवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरच्या, खाचा गुळगुळीत झाल्या असतील, तर दाणे कणसातच राहतात; मग चालक ड्रमचा वेग वाढवतो आणि दाणे फुटू लागतात. एखादाच बार नवा दिसला तर मी सावध होतो, कारण तोल राखण्यासाठी समोरासमोरचे बार जोडीने बदलायचे असतात. ड्रमखालच्या कॉन्केव्हमध्ये, म्हणजे वक्र जाळीमध्ये, मध्यभाग कडांपेक्षा अधिक झिजलेला असू शकतो, आणि तसे असल्यास दोन्ही बाजूंचे अंतर कितीही नेमके जुळवले तरी मधले पीक न मळता पुढे जाते. म्हणून कॉन्केव्हच्या कडेवर सरळ पट्टी धरून मी मधली फट पाहतो.

१९७५ मध्ये न्यू हॉलंडने टीआर७० आणि १९७७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने अ‍ॅक्सियल-फ्लो ही ड्रमऐवजी लांब फिरत्या रोटरने मळणी करणारी यंत्रे बाजारात आणली. अशा यंत्रांत पेंढा हलवून त्यातले उरलेले दाणे वेगळे करणारे वॉकर नसतात, त्यामुळे वॉकरच्या क्रँकला गेलेले तडे आणि सैल झालेले बेअरिंग शोधण्याचे काम वाचते. रोटरचे बार आणि त्याखालची जाळी मात्र तितक्याच बारकाईने पाहावी लागते.

ऑगरच्या, म्हणजे धान्य पुढे सरकवणाऱ्या स्क्रूच्या, पात्याची कड बोटाला सुरीसारखी धारदार लागली, तर तिची जाडी संपत आली आहे असे समजावे. धान्य उतरवणाऱ्या नळीच्या वळणाचा तळ हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. पातळ झालेला पत्रा आवाजावरूनच कळतो. धान्य वर टाकीत नेणाऱ्या एलिव्हेटरची साखळी ताणण्याचा बोल्ट शेवटापर्यंत आवळलेला असेल, तर ती साखळी संपली. टाकीच्या कोपऱ्यांत साचलेला ओला भुसाही उकरून पाहावा, कारण गंज त्याच्याखाली असतो. टायर, काच आणि आसन यांत मी फार वेळ घालवत नाही.

हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे तेलाच्या दाबावर चाके फिरवणारी यंत्रणा, असलेले यंत्र निदान अर्धा तास चालवून मगच चढावर नेतो, कारण झिजलेला पंप तेल गरम झाल्यावरच ढिला पडतो. परत आल्यावर, सगळे फिरते भाग थांबल्याची खात्री करून, प्रत्येक बेअरिंगजवळ तळहाताची मागची बाजू नेतो. एखादे बेअरिंग इतरांपेक्षा जास्त तापलेले जाणवले किंवा त्याच्या भोवतीचा रंग करपलेला दिसला, तर त्या शाफ्टवरचा पट्टा उतरवून तो हाताने फिरवल्याशिवाय मी किमतीची बोलणी सुरू करत नाही. कोरड्या भुशाजवळ असे एकच बेअरिंग आग लागायला पुरेसे असते.