बिग टेनच्या बारा, एसईसीच्या सहा

अमेरिकेतलं विमेन्स कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्यांमधे फेब्रुवारी उजाडला की एकच वाद सुरू होतो, कुठली कॉन्फरन्स, म्हणजे सीझनमधे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, सगळ्यात तगडी, आणि प्रत्येक जण आपल्याला सोयीचा तेवढाच आकडा घेऊन येतो. बिग टेन कॉन्फरन्सवाले सांगणार २०२५ ला आमच्या १२ टीम एनसीएए टुर्नामेंटला, म्हणजे मार्चमधल्या राष्ट्रीय नॉकआउट स्पर्धेला, गेल्या, रेकॉर्ड आहे रेकॉर्ड. हो, आहेच. पण त्या १२ मधल्या स्वीट सिक्स्टीनला, म्हणजे शेवटच्या सोळात, पोचल्या तीन, यूसीएलए, यूएससी आणि मेरीलँड. एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या गेल्या १० आणि पोचल्या सहा. आता एसईसीवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करायचं कारण नाही, कारण शेवटी ट्रॉफी नेली बिग ईस्टच्या यूकॉनने, तीही फायनलला साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असं धुऊन.

मग काय बिग ईस्ट सगळ्यात भारी? अर्थातच नाही, आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. टॉपच्या टीमवरून कॉन्फरन्स जोखायची नसते. यूकॉन २०१३ ते २०२० अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समधे होती आणि तेवढ्या सात सीझनमधे कॉन्फरन्सची एकही मॅच हरली नाही, रेग्युलर सीझन धरा नाहीतर कॉन्फरन्स टुर्नामेंट धरा. त्याच काळात २०१४, १५, १६ अशी लागोपाठ तीन नॅशनल टायटल्स. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणावं तर ही गाय अजिबात लंगडी नव्हती, पण वासरं ती वासरंच राहिली ना, गायीमुळे त्यांचे बैल झाले नाहीत.

खरी ताकद मधल्या टीममधे दिसते, सहाव्या ते दहाव्या नंबरच्या. २०२४-२५ ची टेनेसी घ्या, एसईसीमधे ८-८, म्हणजे आपल्याच घरात निम्म्या मॅच हरलेली टीम. याच टेनेसीने फेब्रुवारीत यूकॉनला ८०-७६ ने हरवलं, आणि यूकॉन त्या अख्ख्या सीझनमधे फक्त तीन मॅच हरली होती, बाकीच्या दोन यूएससी आणि नोटर डेमकडून. ज्या कॉन्फरन्सची ८-८ वाली टीम पुढच्या चॅम्पियनला पाडते तिथे दर गुरुवार-रविवार काय हाल होत असतील याचा विचार करा.

बरं, स्वीट सिक्स्टीनचा आकडा मी वर दिला खरा पण तोही आंधळेपणाने घेऊ नये. विमेन्समधे टॉप १६ टीमना पहिले दोन राउंड आपल्याच कोर्टवर मिळतात, मेन्ससारखं न्यूट्रल मैदान नाही, त्यामुळे चांगलं सीड, म्हणजे वरचं मानांकन, असलेली टीम घरच्या प्रेक्षकांसमोर पुढे सरकते आणि सीड परत टुर्नामेंटची निवड कमिटीच देते. म्हणून मी बघते की दुसऱ्याच्या घरी जाऊन कोण जिंकलं. टेनेसी आणि ओल मिस दोघींना पाचवं सीड, टेनेसीने ओहायो स्टेटला त्यांच्याच कोर्टवर हरवलं आणि ओल मिसने बेलरला बेलरमधे जाऊन. हा माझ्या दृष्टीने एसईसीचा सगळ्यात मोठा पुरावा, साउथ कॅरोलिना आणि टेक्सास फायनल फोरला गेल्या त्यापेक्षाही मोठा.

पण उलटंही झालं. एसईसीची केंटकी घरी खेळत असून कॅन्सस स्टेटकडून ओव्हरटाइममधे एका पॉइंटने गेली. आणि मेरीलँड-अलाबामा ज्यांनी बघितली नसेल त्यांनी हायलाइट्स तरी बघा, डबल ओव्हरटाइम, १११-१०८, अलाबामाच्या सारा अ‍ॅशली बार्करने एकटीने ४५ टाकले तरी मेरीलँड जिंकली. बिग टेनची वरच्या चारातली टीम विरुद्ध एसईसीची मधली टीम, समोरासमोर, आणि फरक तीन पॉइंटचा. त्यामुळे एसईसी पुढे आहे असं मी म्हणेन पण मैलभर पुढे वगैरे नाही. यूएससीची जुजू वॉटकिन्स दुसऱ्याच राउंडला गुडघ्याला धरून खाली बसली, ती असती तर काय झालं असतं हेही आहेच. आणि बिग टेनच्या १२ मधली वॉशिंग्टन तर फर्स्ट फोरमधेच, म्हणजे पहिल्या राउंडच्याही आधीच्या मॅचमधे, आयव्ही लीगच्या कोलंबियाकडून हरून घरी, ते विसरून कसं चालेल.

आता नेटबद्दल, म्हणजे टीम निवडताना आणि सीड देताना कमिटी बघते त्या रँकिंगबद्दल. २०२०-२१ पासून विमेन्समधे आरपीआय हे जुनं रँकिंग जाऊन नेट आलं. जरा बरं आहे, पण कॉन्फरन्सची तुलना करताना एक गोची आहे. जानेवारी लागला की सगळ्या आपापसातच खेळतात, एक जिंकली की दुसरी हरली, म्हणजे एका कॉन्फरन्सची बाहेरच्यांच्या तुलनेत जी काय पत ठरायची ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सात-आठ आठवड्यांत ठरून जाते आणि पुढे तोच आकडा आपापसात फिरत राहतो. त्यात हे नेट रँकिंग एफिशियन्सी, म्हणजे दर पझेशनला किती पॉइंट केले आणि दिले ते, बघतं, मग मोठ्या टीम सुरुवातीला कुठलीतरी लहान टीम घरी बोलवून साठ-साठ पॉइंटने मारतात. समोरची टीम किती चांगली त्याप्रमाणे अ‍ॅडजस्ट करतात म्हणे, तरी मला ते कधी पटलेलं नाही. त्यापेक्षा यूसीएलएने नोव्हेंबर २०२४ मधे साउथ कॅरोलिनाला ७७-६२ ने हरवून त्यांची ४३ मॅचची विनिंग स्ट्रीक मोडली, त्या एका मॅचने मला जास्त कळलं.

आणि गंमत बघा, बिग टेनच्या त्या तीनपैकी यूसीएलए आणि यूएससी आदल्या वर्षी पॅक-ट्वेल्व्हमधे होत्या, आणि एसईसीच्या सहापैकी टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्हमधे. मग ही ताकद नक्की कोणाची मोजायची? जुन्या पॅक-ट्वेल्व्हच्या शेवटच्या वर्षी, २०२४ ला, त्यांच्या पाच टीम स्वीट सिक्स्टीनला होत्या आणि चार महिन्यांत दहा शाळा तीन कॉन्फरन्समधे पांगल्या, सगळं फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशापायी, बास्केटबॉलला कोणी विचारलंच नाही. स्टॅनफर्ड एसीसी कॉन्फरन्समधे गेली, त्यांच्या कोच तारा व्हॅनडरव्हीर रिटायर झाल्या, आणि १९८७ नंतर पहिल्यांदा स्टॅनफर्ड टुर्नामेंटलाच नाही. म्हणजे एसीसीला नाव मिळालं मोठं पण त्या वर्षी टीम मिळाली साधीच.

पैशावरून आठवलं, २०२५ पासून विमेन्स टुर्नामेंटमधेही खेळलेल्या मॅचप्रमाणे कॉन्फरन्सला पैसे मिळतात, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. मेन्सना हे १९९१ पासून मिळतंय, असो. त्यामुळे जिला जानेवारीभर शिव्या घातल्या त्या टीमसाठी मार्चमधे टाळ्या वाजवायला आता कोचेसना खरंखुरं कारण आहे. मी मात्र नवीन शेड्यूल आलं की आधी मधल्या टीमचं बघते, डिसेंबरच्या आत कोण कोणाच्या घरी खेळायला जातंय ते, साउथ कॅरोलिना आणि यूकॉनच्या मॅच काय, त्या टीव्हीवर लागतातच.