कंटाळा कुठला घ्यावा?

लायसन्स माझ्याकडे आहे. त्यावरच्या फोटोतली मुलगी आज समोर आली तर मी तिला ओळखणार नाही, इतकं जुनं. डोंबिवलीत आमची वॅगन-आर मी एकदाच चालवली. शेजारी बसलेला नवरा स्टेशन येईपर्यंत त्याच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. त्यानंतर किल्ली त्याच्याच खिशात राहते, आणि माझीही त्याला हरकत नाही.

पण रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की मी चाळीस टनांचा ट्रक घेऊन स्वीडनमधून निघते.

हे वेड भाच्याने लावलं. तो अमेरिकेत डॅलसला असतो. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आला तेव्हा जेटलॅगमुळे रात्र-रात्र जागा असायचा, आणि माझ्या लॅपटॉपवर त्याने ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ टाकला. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीचा हा खेळ २०१२चा, म्हणजे संगणकी खेळांच्या हिशेबाने पणजोबाच. यात कोणाला मारायचं नसतं, काही जिंकायचं नसतं. माल उचलायचा, पोचवायचा. सिग्नल तोडला की दंड. अंधारात दिवे लावायला विसरलात की दंड. भाचा परत गेला, खेळ माझ्याकडे राहिला.

मूळ खेळात जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रिया वगैरे मिळतात. बाकीचा युरोप हप्त्याहप्त्याने विकत घ्यायचा: २०१५ साली स्कँडिनेव्हिया, २०१७ला इटली, २०२१ला स्पेन-पोर्तुगाल, २०२४ला ग्रीस. वर्षातून दोन-तीनदा सेल लागतो आणि माझी अवस्था साड्यांच्या दुकानात गादीवर बसल्यासारखी होते. दुकानदार एकेक घडी उलगडत जातो आणि आपण आधीच्या साडीचा पदर हातातून सोडत नाही. भाचा फोनवरून सल्ला देतो, “मावशी, ज्यात शहरं जास्त ते घे. पैसे वसूल.”

मीही आधी शहरंच मोजायचे. मग लक्षात आलं की शहरांत माझं काही काम नसतं. शहर म्हणजे दोन सिग्नल, एक गोल चक्कर आणि गोदामाचं फाटक. माझा सगळा वेळ जातो तो मधल्या रस्त्यावर, जिथे काहीही घडत नाही. म्हणजे पैसे मोजायचे ते त्या काही न घडण्याचे. तेव्हापासून सेल लागला की मी स्वतःला एवढंच विचारते: या वेळी कंटाळा कुठला घ्यावा?

यात गंमत नाही, गरज आहे. सकाळी ८.०४ची लोकल, चौथ्या सीटवर अर्धी टेकून, कानाशी कोणाची तरी पर्स आणि दर स्टेशनला “कुठे उतरणार?” ही चौकशी. कंटाळायलासुद्धा थोडी ऐसपैस जागा लागते, ती तिथे नाही. ऑफिसात नाही, घरी तर नाहीच.

स्कँडिनेव्हियाचा कंटाळा उत्तम प्रतीचा आहे. दोन्हीकडे सूचिपर्णी झाडं, मधूनच लाल लाकडी घर, पाणी दिसून नाहीसं होतं. कोपनहेगनहून माल्मोला जाताना ओरेसुंडचा पूल लागतो. खरा पूल जवळजवळ आठ किलोमीटरचा आणि त्याच्या आधी समुद्राखालचा बोगदा चारचा. खेळात सगळंच आखडून घेतलेलं असतं. प्रमाण एकास एकोणीस, म्हणजे मुंबई-पुणे जेमतेम आठ किलोमीटरचं होईल. तरी पुलावर चढताना मी दर वेळी पाठ ताठ करून बसते.

वेळही तसाच आखडलेला. महामार्गावर खेळातला तास आपल्या सुमारे तीन मिनिटांत संपतो. अकरा तास चालवलं की ड्रायव्हर जांभया द्यायला लागतो, मग डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तरीही थांबला नाहीत तर दंड. खऱ्या युरोपात नियम याहून कडक: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर घेऊन येणारा माणूस आठवला. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपतो, टाकी भरेपर्यंत.

स्पेन मी मोठ्या हौसेने घेतलं. कोर्दोबाहून सेव्हिलकडे निघाले. पिवळी जमीन, विरळ झाडी, वर पांढरंफटक आभाळ, लांबवर सपाट टेकड्या. दहा मिनिटांत मला घामाचा वास आल्यासारखा झाला. हे मी पाहिलं होतं. माझं माहेर बार्शीचं. मे महिन्यात कुर्डुवाडीला उतरून एसटीने जाताना खिडकीतून हेच दिसायचं. फक्त इथे बाभळींच्या जागी ऑलिव्ह, आणि ती मात्र एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. दोन रात्री चालवलं आणि सोडलं. नकाशा चांगलाच आहे, पण तो कंटाळा माझ्याकडे आधीपासून होता, फुकटातला.

त्याहून मोठी फजिती काळ्या समुद्राच्या नकाशाने केली. म्हणजे माझी मीच. रोमानिया, बल्गेरिया आणि थेट इस्तंबूल, हे ऐकून मी मागचापुढचा विचार न करता घेतला. आणि माझं मुख्य गॅरेज कुठे? कार्डिफला, वेल्समध्ये! सुरुवातीला ब्रिटनच निवडलं होतं, कारण तिथे आपल्यासारखं डावीकडून चालवतात आणि मला एका वेळी एकच नवी भीती झेपते. आता स्वतःचा ट्रक घेऊन युरोपच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. परक्या ट्रकची तयार नोकरी घेऊन थेट तिकडे उगवता येतं, पण ते मला लग्नाच्या पंगतीला आगंतुक बसल्यासारखं वाटतं. मग डोव्हर, कॅले, नुरेंबर्ग, लिंझ, बुडापेस्ट असे तुकडे पाडत चार रात्री गेले. नवा नकाशा राहिला बाजूला, त्या चार रात्रीच मजेत गेल्या.

आणखी एक हिशेब या खेळात आहे. एकूण रस्त्यांपैकी किती टक्के पाहिले, ते तो सांगतो. पाहिलेला रस्ता नकाशावर पिवळा होतो, न पाहिलेला राखाडी राहतो. मी घाम गाळून ६२ टक्क्यांवर आले होते. नवा नकाशा घेतला आणि टक्केवारी घसरली. पैसे भरून मार्क कमी करून घेण्याचा हा प्रकार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

अमेरिकेचा खेळ वेगळा आहे आणि तिथे राज्यागणिक पैसे मोजावे लागतात. भाच्याच्या आग्रहाने तो आणि टेक्सस दोन्ही घेतलं. “आमचं घर दाखवतो तुला.” व्हिडिओ कॉल लावून आम्ही डॅलसमध्ये शिरलो. एकावर एक चढलेले उड्डाणपूल आले, उंच इमारती आल्या, आणि त्याला काही कळायच्या आत शहर संपून मोकळं रान लागलं. “थांब, थांब, रिव्हर्स घे,” तो म्हणाला. मागे ट्रेलर, मी कसला रिव्हर्स घेते? मागून माझी बहीण ओरडली, “अगं, आमचं घर कुठे गेलं?” एकास वीसच्या प्रमाणात ते गेलं होतं.

एक नकाशा मात्र कोणालाच घेता येत नाही. ‘हार्ट ऑफ रशिया’ नावाचा विस्तार तयार होत होता. युक्रेनवर हल्ला झाल्यावर, मे २०२२मध्ये, युद्ध चालू आहे तोवर तो काढणार नाही असं कंपनीने जाहीर केलं. बाल्टिकच्या २०१८च्या नकाशातून सेंट पीटर्सबर्गपर्यंत जाता येतं, पुढे रस्ता नाही. कोणीतरी टेबलाशी बसून ती झाडं लावली असतील, पेट्रोलपंप उभे केले असतील, बसथांब्यांवर माणसं ठेवली असतील. बर्चच्या रानातून तिकडे जाताना ते मनात येतंच.

काल सेलचा शेवटचा दिवस होता. कार्टमध्ये ग्रीस आणि पश्चिम बाल्कन, दोन्ही टाकून ठेवलेले. ग्रीस म्हणजे डोंगर आणि ऊन, त्यामुळे पुन्हा बार्शी निघायची धास्ती. बाल्कनमध्ये २०२३च्या एका नकाशात अर्धा डझनाहून जास्त देश, म्हणजे सीमा आल्या, थांबणं आलं, कागद दाखवणं आलं. तेवढं ऑफिसात होतं. भाच्याचा मेसेज आला, “घेतलंस का?” मी “बघते” लिहिलं आणि कार्ट तसंच ठेवून बर्गनचा माल उचलला.

बर्गनला पाऊस होता. गोदामात ट्रेलर उलटा लावताना तीन पर्याय देतात: अवघड जागा, सोपी जागा, नाहीतर लावण्याचं काम सोडून द्या. तीन वर्षांत मी अवघड कधी घेतलेली नाही. काल घेतली. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे फिरवायचं असतं, हे डोक्याला कळतं, बोटांना नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आरशात फक्त वायपरची सावली आणि पिवळी पट्टी.

“झोपायचं नाही का?” नवरा दारात येऊन उभा राहिला. पाणी प्यायला उठला होता. क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिला आणि मी शेवटचा वळसा घेतला तसा त्याचा उजवा पाय हळूच फरशीवर दाबला गेला.