फ्रीमाँट ते हूड रिव्हर: विंडसर्फिंगचं सामान ट्रेलरवर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून ओरेगनमधल्या हूड रिव्हरला विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर सरकायला, निघालो होतो. वाटेत रेडिंगला पंपावर थांबलो, उतरलो आणि ट्रेलरच्या चाकांच्या हबवर, म्हणजे बेअरिंग असतं त्या मधल्या तुंब्यावर, हात ठेवून पाहिला. डावा कोमट. उजव्यावर हात टेकवेना. टोपण काढलं तर आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं. ग्रीस असं दिसलं की समजायचं, आत पाणी गेलंय. ट्रेलरचा सांगाडा मी जुना घेतला होता, आधीच्या मालकाची त्यावर छोटी होडी असायची. होडी उतरवताना तापलेले हब गार पाण्यात बुडतात, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. घेताना मी गंज पाहिला, वेल्डिंग पाहिलं, टायर पाहिले. बेअरिंग उघडून पाहिलं नाही. तुम्ही जुना ट्रेलर घेणार असाल तर विकणारा काहीही सांगो, दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि त्यांच्या मागची, पाणी अडवणारी सीलं नवी घालूनच लांबच्या वाटेला लागा.

जवळच पार्ट्सचं दुकान उघडं होतं. एक इंची स्पिंडलची (चाक बसतं त्या दांड्याची) बेअरिंगं सहज मिळतात. बायकोने मोबाइलचा टॉर्च धरला, मी बोटांनी रोलरच्या फटीफटीत ग्रीस दाबून भरलं. नट आवळून चाक फिरवायचं, मग नट सैल करून नुसत्या हाताने घट्ट होईल इतकाच ठेवायचा, खाच जुळवायची आणि नट फिरू न देणारी कॉटर पिन नवीच घालायची. जोर लावून आवळून ठेवलात तर नवं बेअरिंगही जळेल. दीड तास गेला. आता बेअरिंगचा एक संच, ग्रीस आणि पिना कायम ट्रेलरवरच्या पेटीत असतात.

ट्रेलरची वेळ आली ती मुलांमुळे. आम्ही दोघं अलामेडाच्या क्राउन बीचवर शिकलो तेव्हा एक बोर्ड, एक शीड टपावर बांधलं की भागायचं. आता चार बोर्ड, सात शिडं, आणि मागच्या सीटवर दोन मुलं.

माप ठरवताना एकच गोष्ट बघा: सगळ्यात लांब काय आहे? मास्ट, म्हणजे शिडाच्या डोलकाठ्या, 4 ते साडेचार मीटरचे असले तरी दोन तुकड्यांचे असतात, म्हणजे अर्धा सव्वादोन मीटरच्या आसपास. गुंडाळलेली शिडं आणि बूम (शीड हातात धरायचा आडवा दांडा) दोन मीटरच्या आगेमागे, आमचे बोर्ड अडीच मीटरच्या आत. 4 बाय 8 फुटी सांगाड्यावर सगळं बसतं, फक्त लांब बोर्ड तिरपा ठेवावा लागतो. बंद कार्गो ट्रेलर तयार मिळतात, पण ते जड आणि उंच, आणि वाऱ्याच्या गावाला जाताना उंच भिंत ओढत न्यायला माझं मन तयार होत नाही. मी 12 मिलिमीटर प्लायवूडची ठेंगणी पेटी केली, वरून उघडणारी. मास्टसाठी प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप आडवे बसवले. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या ठेवल्या. ओल्या वेटसूटसाठी, म्हणजे पाण्यात घालायच्या रबरी पोशाखांसाठी, त्या हव्यातच.

बंद पेटीत बोर्ड तापतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. बोर्डच्या पोटात फोम असतो, त्यातली हवा उन्हाने फुगते आणि वरचा थर सुटू शकतो. व्हेंटचा, म्हणजे हवा जायच्या भोकाचा, स्क्रू असेल तर निघताना तो सैल करा. पाण्यात उतरण्याआधी घट्ट करायला मात्र विसरू नका, नाहीतर बोर्ड पाणी पिईल. मी हँडलच्या पट्टीला लाल रिबन बांधतो: रिबन आहे म्हणजे स्क्रू उघडा.

वजन नेहमी ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे जास्त ठेवा. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार गाडीच्या मागच्या हुकवर यायला हवा. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटीसारखा डुलतो. हुकवरचा बॉल लहान ट्रेलरसाठी पावणेदोन इंचाच्या वर एक अष्टमांश, म्हणजे 1 7/8 इंची, आणि दोन इंची अशा दोन मापांत मिळतो. दिसायला जवळपास सारखेच, म्हणून कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकावर) कोरलेला आकडा वाचूनच जोडा. साखळ्या हुकखाली फुली घालून बांधा.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी 55 मैल आहे. सुमारे 700 मैलांचा रस्ता, म्हणून एक मुक्काम धराच. बेनिशियाच्या पुलावर टोल ॲक्सल मोजून घेतात, तेही हिशेबात ठेवा. सिस्कियूची खिंड 4,310 फुटांवर, तिथून ॲशलंडकडे उभा उतार. माझ्या ट्रेलरला ब्रेक नाहीत, त्यामुळे मी माथ्यावरच खालचा गिअर टाकतो. मुक्काम ॲशलंडला केला.

दुसऱ्या दिवशी पोर्टलंडहून पूर्वेला वळलो आणि कोलंबिया नदीच्या पाण्यावर पांढरे तुरे दिसले. किनाऱ्याकडची गार हवा पूर्वेच्या तापलेल्या वाळवंटाकडे धावते आणि कॅस्केड डोंगररांगेत तिला ही एवढीच फट सापडते. नदी मात्र उलट, पश्चिमेला वाहते. त्यामुळे लाटा उभ्या राहतात आणि वाऱ्याने पूर्वेला ढकललं तरी प्रवाह तुम्हाला परत पश्चिमेला आणून सोडतो. अशी नदी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हूड रिव्हरचा जुना पूल ओलांडून वॉशिंग्टनच्या बाजूला जाणार असाल तर सावध. एकेक लेन साडेनऊ फुटांच्याही आत, खाली लोखंडी जाळी, आणि टायर त्यावर गुणगुणत सरकतात. आमचा ट्रेलर गाडीपेक्षा अरुंद, म्हणून निभावलं. रुंद कार्गो ट्रेलर असेल तर आरसे मिटून, अगदी हळू. पलीकडे हॅचरी नावाच्या पाण्यात उतरायच्या जागेला जायचं तर ट्रेलर मुक्कामीच सोडा, तिथे वळवायला जागा पुरत नाही. आम्ही चारही दिवस हूड रिव्हरच्याच इव्हेंट साइट नावाच्या किनाऱ्यावरून उतरलो: सकाळी पेटी उघडायची, रिबन सोडायची, स्क्रू आवळायचा, 4.7 चौरस मीटरचं शीड हिरवळीवर पसरायचं.