काटा तोच, हिशेब दोन: आमच्या काजू युनिटची वाटचाल

आमचं काजूचं युनिट गोव्यात डिचोलीत आहे आणि छोटंसं दुकान म्हापशाला. बाबांनी २००४ साली घरामागच्या पडवीत सुरू केलं तेव्हा एक भट्टी, दोन कटिंग मशीन आणि शेजारच्या चार बायका, एवढाच पसारा होता. आज आम्ही दोघं नवरा-बायको धरून सोळा जण आहोत, त्यात अकरा बायका, बहुतेक जणी सत्तरी तालुक्यातून कदंबा बसने येतात. मधली वर्षं सगळी लिहीत बसत नाही. कर्ज काढलं, फेडलं, कोविडमध्ये पर्यटकच नव्हते तेव्हा माल पडून राहिला, सगळ्यांनी जे सोसलं तेच आम्हीही सोसलं. मला लिहायचंय ते वजनमाप, ग्राहक आणि कामगारांच्या कायद्यांबद्दल, कारण आमच्या लाइनमधले बरेच जण अजून घाबरलेले आहेत, कोणी म्हणतं हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी आहे आपल्याला काय, तर कोणी म्हणतं आता शटर ओढायचीच वेळ आली.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. काजूबी उन्हात वाळवायची, वाफवायची, मग कटिंग. टरफलाचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोपडून बसतात, आता हातमोजेही देतो. गर ओव्हनमध्ये सुकला की साल काढायची, त्याला पीलिंग म्हणतात. सुरीचा जोर जरा जास्त झाला की गर फुटतो आणि अख्ख्याचा भाव जाऊन पाकळीचा भाव मिळतो. साधारण चार किलो बी फोडली तर एक किलो गर, त्यामुळे एकेक दाण्याला किंमत. पीलिंग किलोच्या रेटवर असतं, संध्याकाळी प्रत्येकीचा गर काट्यावर चढतो, आणि सकाळी दुकानासाठी पाकिटं भरायची ती त्याच काट्यावर.

२०१९ च्या मे महिन्यात पुण्याचे एक आजोबा दुकानात आले, हातात आमचाच २५० ग्रॅमचा बॉक्स. काही बोलले नाहीत, बॉक्स उघडला, पिशवी बाहेर काढली आणि म्हणाले, नुसते काजू तोला. भरले २३२ ग्रॅम. बॉक्सचं वजन १८ ग्रॅम, आणि आम्ही कायम बॉक्ससकट तोलत आलो होतो, बाजारात पण तसंच चालायचं म्हणून कधी प्रश्नच पडला नव्हता. वजनमापाच्या नियमात पाकिटावर लिहायचं ते निव्वळ वजन, २५० ग्रॅमच्या पाकिटात एखादं पाकीट फार तर ९ ग्रॅम इकडेतिकडे चालतं, ते सुद्धा मशीनच्या चुकीसाठी, आणि सगळ्या पाकिटांची सरासरी कमी भरता कामा नये. आम्ही तर प्रत्येक पाकिटात १८ ग्रॅम कमी देत होतो. पैसे परत केले, नवीन बॉक्स दिला, आजोबा म्हणाले, "माल चांगला आहे रे तुझा, म्हणून परत आलो, नाहीतर आलोच नसतो."

त्या रात्री बायको संध्याकाळच्या वजनाची वही घेऊन बसली. पीलिंगचं वजन ८ किलो ८०० भरलं तर वहीत ८.५, ६ किलो ४०० भरलं तर ६. राउंड फिगर, हिशेबाला सोपं. बाबांच्या वेळेपासून तसंच होतं, कोणी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करून जाणार कुठे. गिऱ्हाईकाला कमी आणि कामगाराला पण कमी, एकाच काट्यावर. खूप लाज वाटली. वर्षभराच्या वह्या काढून फरकाचा अंदाजे हिशेब केला आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी प्रत्येकीला पाकिटात घालून दिला. एकीने पैसे मोजलेच नाहीत, फक्त विचारलं, "आता ग्रॅमपण लिहिणार ना भाई?" तेव्हापासून ग्रॅम लिहितो.

पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२० ला, ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आमच्यासारख्या दुकानदाराने पाठच कराव्यात. बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापार पद्धत धरली जाते, आणि खराब माल परत घ्यायला नकार देणं ही सुद्धा, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरतात. पावसात आपल्याकडची हवा अशी की भाजलेला काजू पंधरा दिवसांत मऊ पडतो, मग खवट होतो. आता बिल सगळ्यांना देतो, एक पाकीट घेणाऱ्यालाही, आणि खवट निघाला तर बिल दाखवा, बदलून घेऊन जा. बिलाच्या खाली ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर छापलाय. शेजारचे म्हणाले स्वतःवरच तक्रार करायला सांगतोस काय, मी म्हटलं हो, पण आधी मला सांगा म्हणून वर आमचाही नंबर आहे.

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पण जबाबदारी पण आली, कारण आपल्या भाटांतली, म्हणजे बागांतली बी वर्षभर पुरत नाही आणि आफ्रिकेतून बी येते हे लाइनमधल्या सगळ्यांना माहीत आहे. मार्च ते मे आम्ही सत्तरी-डिचोलीतली बी जमेल तितकी घेऊन साठवतो. ती संपली की बाहेरची घ्यावी लागते, पण मग त्या पाकिटावर गोव्याचं नाव येत नाही. पाकीट वेगळं, भाव वेगळा. किनाऱ्यावरच्या दुकानांत बाहेरचा काजू गोव्याचा म्हणून विकलेला पाहिला की जीव जळतो, शेतकऱ्याच्या बीचा भाव पडतो त्याने.

आता कामगारांचं. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही यादीतला, त्यामुळे किमान वेतनाचा आकडा आपल्याला गोवा सरकारचाच बघायचा. किलोवर काम असलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाऊन चालत नाही, मालच नव्हता, लाइट गेली, हे कारण बाईच्या माथी मारता येत नाही. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, कोणी काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, डिसेंबरात पर्यटकांची गर्दी असते तेव्हाच्या ओव्हरटाइमला दुप्पट. आणि नेमणुकीचं पत्र.

पत्रं मीच टाइप केली, सगळ्यांना एकच तारीख टाकली, डिसेंबर २०२५. आमच्या सगळ्यात जुन्या काकींनी मुलीकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पत्र परत आणून टेबलावर ठेवलं. "मी दसऱ्याला लागले, २०१२ च्या. तुझे बाबा होते तेव्हा." चूक मोठी होती, कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मालकाने एकरकमी द्यायचे पैसे, कामाला लागल्यापासून मोजतात. दर वर्षाला १५ दिवसांची मजुरी, महिन्याला २६ दिवस धरून, आणि किलोवर काम करणाऱ्यांची शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी. सीझनपुरतं चालणारं युनिट असतं तर ७ दिवस, पण आम्ही बी साठवून बारा महिने चालवतो. काकींचे महिन्याला सरासरी १५,००० पडतात, तेरा वर्षांचे होतात १,१२,५००. हे काही नवीन नाही, दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी जुन्या कायद्यातही होतीच, आम्हीच कधी बाजूला काढली नव्हती. आता दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो, सगळ्यांच्या तारखा जुन्या हजेरीच्या वह्यांतून शोधून पत्रं नवीन केली. एका बाईची पहिली हजेरी बाबांच्या अक्षरात सापडली, पेन्सिलने, तेव्हा थोडा वेळ काम बाजूलाच राहिलं.

खर्च वाढला, खोटं कशाला सांगू. किलोमागे चाळीस रुपये भाव वाढवला, दोन हॉटेलवाले तुटले. पण त्यानंतर पीलिंगची एकही बाई सोडून गेली नाही, आणि सीझनमध्ये शिकलेली बाई गेली की काय होतं ते काजूवाल्याला विचारा.

काट्याला दरवर्षी वजनमाप खात्याचा शिक्का लागतो, आमच्या काट्याची मुदत फेब्रुवारीत संपतेय. यंदा त्याच्याबरोबर नवीन काटा पण घेतोय, दोन्ही बाजूंना डिस्प्ले असलेला. तो पीलिंगच्या खोलीत ठेवायचा, आकडा बायकांना समोरून दिसेल असा.