तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिओ असून पेशंटना बांबूत का नाचवतेस?

दुबईत कुठलाही मराठी माणूस भेटला की दोन मिनिटांत हे विचारतो, आणि लगेच पुढचा प्रश्न, आडनाव तर आपल्याकडचं दिसतंय मग हे फिलिपिनो कुठून काढलंस? तर ऐका. बाबा गुहागरचे, जन्मभर जहाजावर. बोटीवर कोकणातले आणि फिलिपिनो एकाच टेबलावर जेवतात, त्यातल्या एका मित्राची बहीण म्हणजे माझी आई, लेते बेटावरची. झाली लव्हस्टोरी.

आणि मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय. मे महिन्यात गुहागरला गेलं की आजी मला अंगणात उभी करायची आणि वाडीतले उसण भरलेले काका-काकू पाठ करून उभे राहायचे, मग मी लाथ मारायची, सात वर्षांची पोर, फुल परवानगीने! लेतेला लोलाकडे, म्हणजे आईच्या आईकडे, गेलं तर तिथेही तेच. तिकडे पायाळूला सुही म्हणतात, आणि घशात माशाचा काटा अडकला की सुहीने गळ्यावरून हात फिरवायचा. दोन देशांत दोन आज्यांनी मिळून ठरवूनच टाकलं होतं, मी अकाउंटंट थोडीच होणार होते.

लोला हिलोट करायची, म्हणजे तिकडचं पारंपरिक मालिश. खोबरेल तेल लावायचं, केळीच्या पानाची पट्टी विस्तवावर धरून मऊ करायची, अंगावरून सरकवायची, पान जिथे अडकेल तिथे दुखणं समजायचं. अकरा वर्षांची असताना तिनिक्लिंग, म्हणजे तिकडचा बांबूंमधला नाच, शिकताना माझा घोटा मुरगळला आणि तिने त्याच संध्याकाळी तो चांगला जोर लावून चोळला. सकाळी पायाचा भोपळा. आज माझ्या क्लासमध्ये ताज्या मुरगळीला कोणी हात लावला तर मी ओरडते, लोला असती तरी ओरडले असते. पण तिचा तो तेलाचा गरम हात आणि आधी अख्खं अंग चाचपून मग बोलायची सवय, ते मी सोडलेलं नाही. (स्पामध्ये मेणबत्त्या लावून हिलोट विकतात, त्यावर नको बोलायला.)

तर तिनिक्लिंग. हा नाच लेतेचाच मानतात. टिकलिंग नावाचा लांब पायांचा पक्षी भातशेतात लावलेल्या बांबूच्या सापळ्यांतून उड्या मारत निसटतो, त्याची ही चाल. दोघं बसून दोन बांबू धरतात, दोनदा खाली आपटतात आणि एकदा एकमेकांवर, तेवढ्यात पाय बाहेर पाहिजे. तीन मात्रा. बाबा त्याला अर्धा दादरा म्हणतात.

माझ्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेले लोक येतात. पहिले काही आठवडे बांबू नुसते जमिनीवर पडलेले असतात, फक्त ओलांडायचे. मग हळूहळू ठेका, बांबू एकमेकांवर सगळ्यात शेवटी, आणि तेही सगळ्यांसाठी नाही. टेबलावर झोपवून व्यायाम दिला तर माणूस गुडघ्याकडेच बघत बसतो, दुखतंय का दुखतंय का, इथे लक्ष ठेक्याकडे जातं आणि पाय आपला आपण पडतो. बॅलन्ससाठी पांदांग्गो सा इलाव नावाचा नाच आहे, तिकडच्याच लुबांग बेटावरचा, डोक्यावर एक आणि दोन्ही हातांवर एकेक पेटता दिवा घेऊन करायचा. आम्ही प्लास्टिकच्या ग्लासात पाणी घेतो, सांडेल त्याने चहा द्यायचा. इथल्या करामा भागातले सगळे चहावाले मला ओळखतात.

आणि नाच-व्यायामाचं हे मिक्सिंग मी शोधलं असं समजू नका प्लीज. फ्रान्सिस्का रेयेस आक्विनो या बाईंनी १९२० च्या दशकात गावोगावी जाऊन हे नाच लिहून काढले, १९२६ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला, पुढे १९७३ मध्ये त्यांना फिलिपिन्सचा राष्ट्रीय कलाकार हा सन्मान मिळाला. आणि त्या शिकवायच्या काय, तर शारीरिक शिक्षण! पीटीच्या बाईच की.

गेल्या आठवड्यात एक काका आले, उसण भरलेली, मी पायाळू हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. मी नीट तपासलं, नस वगैरे दबलेली नव्हती, व्यायाम लिहून दिले, शेक सांगितला. सगळं ऐकून घेतलं, दारापर्यंत गेले, परत वळले आणि म्हणाले, ते ठीक आहे गं, पण लाथ?

मारली. हळूच. तिचं बिल नाही लावलं.