तुम्ही विचारलंत म्हणून: व्याज नसलेली भिशी कशाला चालवते?

ऑफिसात, लग्नाकार्यात, परवा तर माझ्या भाच्यानेही विचारलं, की मावशी तू स्वतः अकाउंट्समध्ये, दिवसभर लोकांचे हिशोब बघतेस, मग सोळा महिने पैसे गुंतवून जेवढे घातले तेवढेच परत मिळणारी भिशी तू कशी काय चालवतेस, त्यापेक्षा आरडी कर ना. खूप जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी हिशोबच सांगते. आम्ही लालबागमधल्या एका बिल्डिंगमधल्या सोळा जणी आहोत, महिन्याला दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात बत्तीस हजार. हेच दोन हजार मी साडेसहा टक्क्याने आरडीत घातले असते तर सोळा महिन्यांत साधारण दीड हजार व्याज मिळालं असतं. शेवटचा नंबर जिचा, तिचे हे दीड हजार जातात, हे खरंच आहे, मी कधीच नाकारत नाही. पण पहिला नंबर जिचा, तिच्याकडे बघा. तिला पहिल्याच महिन्यात बत्तीस हजार मिळाले आणि ती पुढचे पंधरा महिने दोन-दोन हजार फेडते. हेच तिने महिना शेकडा पाचने देणाऱ्याकडून उचलले असते (आमच्या भागात असे देणारे आहेत आणि दारात उभे राहून वसूल करतात) तर व्याजच बारा हजार झालं असतं. माझे दीड हजार न मिळण्याने तिचे बारा हजार वाचतात. मला अकाउंट्स कळतं म्हणूनच मी ही भिशी चालवते.

आता नंबर कसा ठरतो ते. बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या काढतात, ते ठीक आहे. पण लिलावाची भिशी मला अजिबात पटत नाही. त्यात जिला घाई असते ती बोली लावते, बत्तीसचे अठ्ठावीस घेते, सव्वीस घेते, आणि उरलेले बाकीच्यांत वाटले जातात, म्हणजे जिच्या घरी आजारपण आलंय तिच्याच खिशातून आपण नफा काढायचा आणि वर भिशी छान चालली म्हणायचं. आमच्याकडे नियम एकच, जिला नड तिला आधी. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या घरी सगळ्या जमतात, चहा होतो, आणि ज्याचं त्याने बोलायचं, मुलीची फी आहे, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, वगैरे. दोघींना एकाच महिन्यात नड आली तर त्या आपापसात ठरवतात, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत 'तू घे, मी पुढच्या महिन्यात घेते' हेच जास्त वेळा ऐकलंय.

चालवणारीने पहिला नंबर घ्यायचा असा रिवाज असतो. मी शेवटचा घेते. मला पगार आहे, थांबायला परवडतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझी आजी ह्याच गिरणगावात खानावळ चालवायची, कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोपर्यंत वाण्याला काय द्यायचं? मग सावकार. अशाच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गहाण ठेवायला दागिना नाही, तर बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 1986 मध्ये महिला मिलन उभं केलं, तिथेही तेच, जमेल तेवढी बचत, गोळा करणारी बाई घरोघर जाणार, आणि त्यामुळे कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला सगळ्यात आधी कळणार. मला ही गोष्ट बचतीपेक्षा मोठी वाटते.

कारण लॉकडाऊनमध्ये आमचंही सगळं जीपेवर गेलं. पैसे अगदी वेळेवर यायचे, वही चोख, पण पुढे सगळं उघडल्यावरही जीपेच चालू राहिलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या एकीचा नवरा दोन महिने अंथरुणाला खिळलाय हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं. चाळीत हे झालंच नसतं, तिथे दारं उघडी असायची, टॉवर झाला आणि दारं बंद झाली. तेव्हापासून पैसे कसेही पाठवा पण सातला वर यायचंच.

एकदा एकीचे हप्ते थांबले. दुसरा नंबर घेतलेला, आणि पाचव्या महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. दोघीतिघी चिडल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांचेही घामाचेच पैसे. आमच्याकडे प्रत्येकी पन्नास रुपये वेगळे निघतात, महिन्याचे आठशे, त्याला आम्ही पेटी म्हणतो. त्यातून मोठे टोप आणले, शिडी आणली, व्हीलचेअर आणली जी आतापर्यंत पाच घरांत फिरलीये. त्या वेळी तिचे तीन हप्ते पेटीने भरले. तिने नंतर सगळे फेडले, पण मधल्या काळात ती आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला घेऊन जायची. हे तिच्या हप्त्यांत वळतं करूया असं एकीने सुचवलं. अमेरिकेत एडगर कान यांनी टाइम बँक काढली, म्हणजे पैशांऐवजी मदतीचे तास जमा करायचे, तिथे एक तास म्हणजे एक तास, डॉक्टरचा असो की झाडूवालीचा, ते मला आवडतं. माझ्या आईच्या गावाला लावणीला सावड असायची, आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या, माणसाला माणूस. पण काकूंनीच नको म्हटलं. तिचं येणं वहीत लिहिलंत तर मला तिच्याशी गप्पा मारता येणार नाहीत, म्हणाल्या. आम्ही लिहिलं नाही.

माझ्या भाच्याला मी ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाचं सांगितलं. 1932, मंदी, कारखाने बंद, लोक हातातला पैसा सोडायला घाबरलेले. तिथल्या महापौरांनी, उंटरगुगेनबर्गर नाव त्यांचं, गावाच्या स्वतःच्या नोटा काढल्या ज्यांची किंमत दर महिन्याला एक टक्का कमी व्हायची, तेवढ्या किमतीचं तिकीट घेऊन चिकटवलं तरच चालायच्या. मग कोण साठवणार? पैसा फिरायला लागला, रस्ते झाले, माणसांना काम मिळालं. पुढच्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय बँकेने ते बंद पाडलं. भाचा म्हणाला मावशी म्हणजे उलटं व्याज! हो, तसंच. आमच्या भिशीत पैसा कमी होत नाही, पण एका घरात महिनाभरही पडून राहत नाही.

तुम्हाला सुरू करायची असेल तर एवढंच बघा, ज्यांचं दार तुम्ही वाजवू शकता तेवढ्याच बायका घ्या. ओळखीच्या ओळखीतून तीसजणी गोळा केल्या की भिशी बुडते, मी दोन बुडालेल्या जवळून बघितल्यात. कमिशन घेऊ नका. वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा.

ह्या फेरीचा अकरावा नंबर चालू आहे. तो कोणाला ते सातला ठरेल, काकूंचं नाव पुढे आहे, गावच्या घरावर पत्रे घालायचेत.